छातीतील नळी : किती दिवस आणि कशाच्या भरवशावर

फुफ्फुसाचा रोगग्रस्त खंड काढून टाकल्यावर शल्यचिकित्सक बरगड्यांच्या मधून एक नळी छातीच्या पोकळीत ठेवतो, तिचे बाहेरचे टोक खाटेखालच्या बाटलीतील पाण्यात बुडवतो आणि रोग्याला वॉर्डात पाठवतो. त्या घटकेपासून घरी जाण्याच्या दिवसापर्यंत रोग्याची वेदना, त्याची हालचाल, त्याचे खोकण्याचे सामर्थ्य आणि इस्पितळातील मुक्कामाची मुदत या साऱ्यांचा निकाल बहुतांशी त्या एका नळीवर अवलंबून राहतो. असे असूनही नळ्या किती ठेवावयाच्या, त्यांना यंत्राची ओढ द्यावयाची की नाही आणि मुख्य म्हणजे त्या केव्हा काढावयाच्या, हे प्रश्न कित्येक दशके गुरुपरंपरेने चालत आलेल्या शिरस्त्यावर सोपवलेले होते. ज्या विभागात ज्याचे शिक्षण झाले त्या विभागाचा दंडक तो पुढे आयुष्यभर पाळी आणि आपल्या शिष्यांकडूनही पाळून घेई. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र या शिरस्त्याची कलमवार तपासणी झाली असून तिच्यातून जे हाती आले आहे ते रोग्याच्या मोठ्या हिताचे आहे. नळी आपण समजत होतो त्याहून लवकर काढता येते, आणि ती उशिरा निघते तेव्हा त्या उशिराचे कारण पुष्कळदा रोग्याच्या छातीत सापडत नाही, ते वॉर्डाच्या कारभारात सापडते, असे माझे या वाङ्मयाच्या वाचनाअंती झालेले मत आहे.

हा विषय मी उरण तालुक्यातील जासईच्या अनुषंगाने मांडतो, त्याला कारण आहे. जासई हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. नवी मुंबईसाठी संपादन झालेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्याकरिता या परिसरातील आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये जो लढा दिला, त्यातील गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या गावाच्या दारात जानेवारी २०२४ पासून सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू येऊन टेकला आहे. सेतूचे पलीकडचे टोक शिवडीस आहे, आणि शिवडीस मुंबई महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. तेथून परळ जवळच, म्हणजे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि १९२६ सालचे केईएम हीही हाकेच्या अंतरावर आली. अलीकडे खारघरास टाटा स्मारक केंद्राचीच कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे आणि कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. छातीची शस्त्रक्रिया ज्या गावाला एके काळी परमुलखातली बाब वाटे, त्या गावाचा माणूस आज सकाळी निघून दुपारी तपासणी आटोपून संध्याकाळी घरी जेवावयास येऊ शकतो. नळी किती दिवस ठेवावी या प्रश्नाचे उत्तर शरीरविज्ञानाइतकेच या अंतरावरही ठरते.

नळीचे कार्य नीट समजावयाचे तर छातीची रचना ध्यानी घेतली पाहिजे. फुफ्फुस स्वभावतः आकसू पाहते आणि छातीची भिंत बाहेर फाकू पाहते. या दोन ओढींच्या मध्ये फुफ्फुसावरणाच्या दोन पापुद्र्यांत जी अरुंद फट असते तिच्यातील दाब शांत श्वासाच्या वेळीही बाहेरील हवेच्या दाबाहून पाण्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर उंचीइतका कमी असतो, आणि श्वास आत घेताना तो आणखी उतरतो. या उणे दाबामुळेच फुफ्फुस भिंतीला चिकटून उमललेले राहते. छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरते, फुफ्फुस मिटते. आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या फुफ्फुसाच्या कापलेल्या पृष्ठभागातून काही काळ हवा गळत राहते, रक्तमिश्रित लस झिरपत राहते. ही हवा आणि ही लस बाहेर जावी, पण बाहेरचे काही आत येऊ नये, एवढीच नळीकडून अपेक्षा असते. जासईच्या खारभूमीत ज्यांनी भातशेती केली आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही : ओहोटीला शेतातले पाणी खाडीत सोडणारी आणि भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारी बांधाची उघाडी हेच काम करते. बाटलीतील पाण्याखाली २ सेंटिमीटर बुडवलेले नळीचे टोक ही छातीची उघाडी होय; श्वास सोडताना वा खोकताना आतली हवा तेवढे पाणी सारून बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते, आणि श्वास घेताना पाणी नळीत थोडे वर चढते, पण हवा आत जाऊ शकत नाही.

शरीरातील द्रव नळीने काढण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत उदरात साठलेले पाणी नळीच्या साहाय्याने काढण्याचा विधी सांगितला आहे, आणि सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये असा इशाराही दिला आहे. आज दीर्घकाळ मिटून राहिलेल्या फुफ्फुसाभोवतीचे पाणी काढतानाही एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जाऊ नये असे सांगतात. कारण फुफ्फुस एकाएकी उमलले तर त्यातच पाणी उतरून श्वास कोंडण्याचे भय असते. दोन इशाऱ्यांची कारणमीमांसा निराळी, पण सावधपणा एकाच जातीचा. तथापि उदर आणि छाती यांत मूलभूत भेद आहे तो वर सांगितलेल्या उणे दाबाचा, आणि तो भेद ओळखून त्यावर तोड काढण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हॅम्बुर्गचे वैद्य गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ च्या सुमारास छातीतील पू काढण्यासाठी पाण्याखाली टोक असलेली बंद नळी वापरावयास सुरुवात केली आणि १८९१ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. तरीही छाती उघडी करून पू वाहू देण्याची जुनी रीत चालूच राहिली. तिचा दोष उघडा पडला तो १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत न्यूमोनियापाठोपाठ छातीत पू होऊन सैनिक मरू लागले. आजाराच्या प्रारंभीच छाती उघडी केल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि बंद पद्धतीने पू काढून छाती उघडण्यास विलंब केल्यास ते ५ टक्क्यांच्या आत येते, असे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले. याच ग्रॅहॅम यांनी १९३३ साली सेंट लुईस येथे कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुफ्फुस काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. छातीच्या शल्यचिकित्सेचा पाया आणि नळीच्या व्यवस्थेचा पाया असा एकाच हाताने घातला गेला, हे या विषयाच्या अभ्यासकाने कधी विसरू नये.

आपल्याकडे या विद्येचे आगमन क्षयरोगाच्या वाटेने झाले. स्ट्रेप्टोमायसिनच्या पूर्वी क्षयाच्या आरोग्यधामांत फुफ्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत मुद्दाम हवा भरीत असत, आणि जेथे ते साधत नसे तेथे बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसवीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. रीव्ह बेट्स यांनी १९४९ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या नेतृत्वाखाली ही शाखा वाढली आणि १९६८ च्या फेब्रुवारीत तेथे हृदयरोपणापर्यंत मजल गेली. या परंपरेचा एक ठसा आजही टिकून आहे, त्याचा विचार पुढे येईल.

आता प्रत्यक्ष खाटेपाशी जाऊ. आपल्या इस्पितळांत या साऱ्या सरंजामाला सर्रास ‘आयसीडी’ म्हणतात, आणि वॉर्डातील मामा-मावशींपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांच्या तोंडी तोच शब्द असतो. बाटलीवर कागदी चिकटपट्टीची उभी पट्टी लावलेली असते. सिस्टर दर पाळीच्या शेवटी द्रवाच्या पातळीवर आडवी रेघ मारून तिच्यापुढे तारीख आणि वेळ लिहितात. बाटलीत आरंभी जे निर्जंतुक पाणी घातलेले असते, बहुधा ५०० मिलिलिटर, ते एकूण आकड्यातून वजा करावयाचे राहून गेले की कागदोपत्री रोग्याच्या छातीतून अर्धा लिटर द्रव अधिक वाहतो आणि नळी एक दिवस अधिक राहते. रेघेनंतर नजर नळीतील पाण्याच्या स्तंभाकडे न्यावी. श्वासागणिक तो वरखाली होत असेल तर मार्ग मोकळा आहे. तो स्थिर झाला असेल तर एक तर फुफ्फुस पूर्ण उमलून नळीला भिडले आहे किंवा नळी गुठळीने बुजली आहे, तिला पीळ पडला आहे वा ती रोग्याच्या कुशीखाली दबली आहे, आणि या दोहोंतला निवाडा क्ष-किरण चित्राच्या आधी नळीवरून हात फिरवून करावयाचा असतो. मग रोग्याला खोकावयास सांगावे. खोकल्यावरच तेवढे दोन-चार बुडबुडे आले तर गळती किरकोळ. प्रत्येक उच्छ्वासाला आले तर मध्यम. श्वास घेताना नि सोडताना अखंड येत राहिले तर मोठी वायुनलिका उघडी आहे किंवा नळीचा एखादा जोड सैल झाला आहे असे समजावे. एकाच बाटलीची व्यवस्था असेल तर आणखी एक बाब पाहावी लागते, जी फार थोडे लोक पाहतात : द्रव साठत जातो तसतसे नळीचे टोक अधिकाधिक खोल बुडते, आणि आरंभी २ सेंटिमीटर पाणी सारून निघणाऱ्या हवेला दोन दिवसांनी १० सेंटिमीटर पाणी सारावे लागते. गळती थांबली असा भास होतो आणि हवा छातीतच अडून राहते. तीन बाटल्यांची जोडणी आणि पुढे १९६० च्या दशकात आलेल्या प्लास्टिकच्या कप्पेदार पेट्या या अडचणीवरचा उपाय म्हणूनच निघाल्या. द्रव एका कप्प्यात, पाण्याची झडप दुसऱ्यात, यंत्राच्या ओढीचे नियमन तिसऱ्यात.

यंत्राची ओढ, म्हणजे सक्शन, हा या विषयातील जुना वादग्रस्त मुद्दा. नळीला भिंतीतील निर्वात वाहिनी जोडून उणे २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने हवा ओढून घेतली तर फुफ्फुस लवकर उमलेल आणि भिंतीला चिकटून गळती बंद होईल, असा तर्क होता आणि तो वरकरणी बिनतोड दिसतो. पण त्याच ओढीने फुफ्फुसावरील कापलेली बारीक छिद्रे उघडीच राहतात, असा उलट तर्कही तितकाच सबळ होता. २००० नंतरच्या दशकात अमेरिका, इंग्लंड आणि इटली येथे रोग्यांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करून केलेल्या चाचण्यांत काहींनी साध्या पाण्याच्या झडपेला झुकते माप दिले, काहींना भेद आढळला नाही, आणि नित्य सक्शन दिल्याने रोग्याचा मुक्काम निश्चितपणे घटतो असे कोणालाच सिद्ध करता आले नाही. २०१९ मध्ये युरोपातील छातीशल्यचिकित्सकांच्या संस्थेने शस्त्रक्रियेनंतरच्या सत्वर स्वास्थ्यलाभाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बाह्य सक्शन सरसकट लावू नये अशी शिफारस आहे. माझ्या मते येथे निर्णायक बाब दाबाची नसून खाटेची आहे. भिंतीला जोडलेला रोगी खाटेला खिळतो. बाटली हाती घेतलेला रोगी व्हरांड्यात फेऱ्या घालतो, त्याचा कफ सुटतो, पायांतील रक्त वाहते राहते. फुफ्फुस बरेच मिटलेले आहे, त्वचेखाली हवा पसरत आहे, अशा प्रसंगी सक्शन अवश्य लावावे. अन्यथा ते लावण्याचे कारण कागदावर लिहिता आले पाहिजे.

नळ्या किती, हा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. हवा वर जाते म्हणून एक नळी शिखरापाशी आणि द्रव खाली उतरतो म्हणून दुसरी तळाशी, असा जुना दंडक होता. फुफ्फुसाचा एक खंड काढलेल्या सामान्य रोग्यास एकच नळी पुरते आणि वेदना कमी होते, हे आता सर्वमान्य आहे.

द्रवाच्या परिमाणाविषयीचे मत कसे पालटत गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. चोवीस तासांतील द्रव १०० मिलिलिटरच्या खाली आल्याशिवाय नळी काढू नये असे कोठे सांगत, कोठे १५०, कोठे २००. आणि या आकड्यांना आधार काय असे विचारले तर शिरस्त्याखेरीज उत्तर नसे. निरोगी माणसाच्या फुफ्फुसावरणातही द्रव सतत स्रवतो आणि लसवाहिन्यांतून सतत शोषला जातो, या साध्या सत्याचा विसर पडला होता. ब्राझीलमधील एका चाचणीत १००, १५० आणि २०० अशा तीन मर्यादा ताडून पाहिल्या, भेद दिसला नाही. रॉबर्ट सर्फोलिओ आणि आयशा ब्रायंट यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील आपला मोठा अनुभव प्रसिद्ध करून ४५० मिलिलिटरपर्यंत द्रव येत असतानाही नळी काढता येते असे दाखविले. २०१४ मध्ये डेन्मार्कमधून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ५०० मिलिलिटरची मर्यादा सुरक्षित असल्याचा दाखला आला. अट एवढीच की द्रव नितळ वा फिकट तांबूस असावा. ताजे लाल रक्त तासाला २०० मिलिलिटरच्या वेगाने सलग काही तास येत असेल तर नळीचा विचार सोडून शस्त्रक्रियागृहाचा विचार करावयाचा असतो. आणि रोग्याने दूधभात खाल्ल्यावर द्रव दुधाळ झाला तर अन्नरसवाहिनीस इजा झाली आहे असे समजून त्यातील ट्रायग्लिसराइडची तपासणी करावयाची असते, ते १०० मिलिलिटरमागे ११० मिलिग्रॅमहून अधिक भरले तर शंका बळावते. या दोन अपवादांखेरीज द्रवाने नळी अडवून धरू नये.

अडवून धरावी ती हवेने. नळी काढण्याचा खरा निकष वायुगळती थांबली की नाही हा आहे, आणि आजवर ती ठरवण्याचे साधन दोन डोळे एवढेच होते. सकाळच्या फेरीत एका डॉक्टराला बुडबुडा दिसतो, दुपारी दुसऱ्याला दिसत नाही, आणि संशयाचा फायदा नळीला मिळून ती आणखी एक रात्र राहते. २००० नंतरच्या दशकात बाजारात आलेल्या अंकदर्शी यंत्रांनी हा दोष दूर केला : दर मिनिटाला किती मिलिलिटर हवा गळते तो आकडा आणि गेल्या चोवीस तासांचा आलेख यंत्राच्या पडद्यावर उमटतो, आणि सहा ते बारा तास हा आकडा २० ते ४० च्या खाली स्थिर राहिला की नळी काढतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेकदेशीय चाचणीत या यंत्रांमुळे नळीची मुदत आणि मुक्काम प्रत्येकी सुमारे एका दिवसाने घटल्याचे आढळले. पुढे कॅनडात झालेल्या चाचण्यांत मात्र तसा लाभ दिसून आला नाही. या विसंगतीचा अर्थ मला असा दिसतो की जेथे नळीच्या निरीक्षणाची आणि ती काढण्याची पद्धत आधीच बांधेसूद आहे, तेथे यंत्र फारशी भर घालीत नाही. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांनी यंत्राच्या खरेदीची वाट पाहत बसण्यापेक्षा नळीचा लेखी नियम आधी करावा, असे मी यावरून आग्रहाने म्हणेन : दर सहा तासांनी खोकवून बुडबुडे पाहावे, नोंद ठरावीक शब्दांत व्हावी, सलग दोन-तीन नोंदी कोऱ्या आल्या आणि द्रव मर्यादेत असला तर त्या वेळी हजर असलेल्या निवासी डॉक्टरास नळी काढण्याची मुभा असावी. शनिवारी दुपारी काढण्याजोगी झालेली नळी वरिष्ठांच्या सोमवारच्या फेरीपर्यंत राहू नये. रोजंदारी बुडवून सोबत राहिलेला भाऊ आणि वॉर्डाबाहेर व्हरांड्यात झोपणारी आई यांच्या हिशेबात ते दोन दिवस लहान नसतात.

या ठिकाणी आपल्या परंपरेचा तो ठसा लक्षात घ्यावयास हवा. वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांत, मुख्यतः कर्करोगाच्या रोग्यांवर झालेले आहेत. आपल्याकडे कर्करोगाबरोबरच क्षयाने पोखरलेली फुफ्फुसे, जुन्या विवरांत वाढलेली बुरशी, रुंदावलेल्या वायुनलिका आणि हायडॅटिडच्या गाठी यांसाठीही शस्त्रक्रिया होतात. अशा छातीत फुफ्फुस भिंतीला जागोजाग चिकटलेले असते. ते सोडवताना सारा पृष्ठभाग ओला होतो, द्रव अधिक झिरपतो, आणि उरलेले फुफ्फुस इतके ताठर असते की रिकामी झालेली जागा भरून काढण्यास ते असमर्थ ठरते. जागा रिकामी राहिली की तिच्यात पू होण्याचे भय. ज्याच्या फुफ्फुसाचे बळ आधीच कमी आहे, जो दीर्घकाळ विडी ओढत आला आहे, जो कृश आहे, त्याची गळती लांबण्याचा संभव अधिक, हे सर्वत्र अनुभवास आलेले आहे. यास्तव परदेशी आकडे जसेच्या तसे उचलून क्षयग्रस्त छातीला लावणे मला धाडसाचे वाटते. कर्करोगाच्या स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर धीटपणे नळी काढावी. जुन्या क्षयाच्या छातीत फुफ्फुस जागा भरते आहे की नाही याकडे पाहून काढावी. आपल्या रुग्णालयांतील नोंदवह्यांत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, ते बाहेर काढणे हे येथील अभ्यासकांचे काम आहे.

काही निषेध मात्र सर्वत्र सारखेच लागू आहेत. बुडबुडे येत असलेली नळी चिमट्याने बंद करू नये; अडलेली हवा साठून हृदय आणि दुसरे फुफ्फुस दाबले जाते आणि रोगी काही मिनिटांत दगावू शकतो. रोग्याला क्ष-किरण विभागात नेताना बाटली उचलून खाटेवर त्याच्या कुशीत ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे, तीही मोडली पाहिजे, कारण बाटली छातीच्या पातळीच्या वर गेली की द्रव उलटा आत जातो. नळी पिळून गुठळी सरकवण्याच्या चालीविषयी १९८२ साली अमेरिकेत मोजमाप झाले आणि पूर्ण लांबी पिळल्यास उणे ४०० सेंटिमीटरपर्यंत दाब उत्पन्न होऊ शकतो असे दिसून आले. नाजूक फुफ्फुसाला ही ओढ काय करील हे सांगावयास नको. आणि संपूर्ण फुफ्फुस काढलेल्या रोग्याची गोष्ट तर अगदीच वेगळी : तेथे उमलावयास फुफ्फुसच उरलेले नसते, रिकामी पोकळी द्रवाने हळूहळू भरून यावयाची असते, आणि तिला सक्शन लावल्यास हृदय त्या बाजूला खेचले जाऊन रक्ताभिसरण कोसळू शकते. अशा रोग्याच्या खाटेवर ‘सक्शन नको’ अशी ठळक पाटी हवी. तोंडी हुकमावर ही गोष्ट सोडू नये.

वेदनेबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण रोग्याच्या दृष्टीने नळी म्हणजे प्रथम वेदनाच. सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची ताठ नळी बरगडीखालच्या मज्जातंतूला श्वासागणिक घासते. त्या भयाने रोगी उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर उशाशी तसेच पडून राहते, कफ साठतो आणि न्यूमोनिया दबा धरून बसतो. पाठीच्या मणक्यापाशी वा बरगड्यांच्या मज्जातंतूंपाशी बधिरीकरणाचे औषध देण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे, पण सर्वांत परिणामकारक वेदनाशामक म्हणजे नळी काढणे. ती काढल्यानंतर श्वासाचे बळ मोजण्याजोगे वाढते. काढण्याचा विधी दोन मिनिटांचा असतो. आधी वेदनाशामक द्यावे आणि ते लागू पडेपर्यंत थांबावे, ही पायरी घाईत गाळली जाते. मग रोग्याकडून श्वास कसा रोखावयाचा ते दोनदा करून घ्यावे. श्वास पूर्ण घेऊन रोखावा की पूर्ण सोडून, यावर पुष्कळ वाद झाला, पण तुलना केल्यावर दोन्ही सारखेच ठरले, महत्त्व आहे ते रोखण्याला. एकाने नळी एका सरळ ओढीत काढावी आणि दुसऱ्याने त्याच क्षणी शस्त्रक्रियेच्या वेळी घालून ठेवलेला टाका आवळावा. एकट्याने करण्याचे हे काम नव्हे.

पाच दिवस उलटूनही हवा गळतच राहिली तर तिला दीर्घ वायुगळती म्हणतात, आणि येथे जासईचा रोगी पुन्हा विचारात येतो. पूर्वी अशा माणसाला गळती थांबेपर्यंत खाटेवर ठेवीत. बहुतेक गळत्या कालांतराने आपोआप बंद होतात. काही रोग्यांत त्यांचेच रक्त नळीतून छातीत सोडून छिद्र बुजवण्याचा साधा आणि स्वस्त उपाय करतात, काहींत टाल्कची भुकटी किंवा श्वासनलिकेत बसवण्याची एकमार्गी झडप वापरतात, आणि क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पण ज्याचे फुफ्फुस बऱ्यापैकी उमललेले आहे, ज्याला ताप नाही, जो हिंडतो-फिरतो, त्याची नळी हेन्री हाइमलिक यांनी १९६० च्या दशकात काढलेल्या रबरी झडपेला वा झडप असलेल्या पिशवीला जोडून त्याला घरी पाठवता येते आणि आठवड्याला बोलावून तपासता येते. दोनेक आठवड्यांनी किंचित गळती उरली असली तरी लक्षणे नसलेल्या रोग्याची नळी सुखरूप काढता येते, असाही अनुभव सर्फोलिओ यांनी प्रसिद्ध केला आहे. मात्र नळी जितकी लांबेल तितके पू होण्याचे भय वाढते, हे घरी पाठवतानाही विसरता कामा नये.

ज्याच्या घरापासून रुग्णालय तास-दीड तासाच्या वाटेवर आहे, घरात समजदार माणूस आहे आणि हाताशी फोन आहे, अशा रोग्यास ही मुभा द्यावी. पाच तासांच्या वाटेवरच्या रोग्यास देताना दहादा विचार करावा. जासई पहिल्या वर्गात मोडते. मात्र मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद त्याच्यासोबत गेला पाहिजे. पिशवी कमरेच्या वर नेऊ नये आणि तिचे हवा जाण्याचे छिद्र कधी बुजवू नये. झडप उलटी लागली की उघाडी उलटी लागल्यासारखेच, म्हणून बाणाची दिशा घरच्या माणसाने वॉर्डातच ओळखून दाखवावी. पावसाळ्यात ड्रेसिंग भिजले तर त्याच दिवशी बदलून घ्यावे. नळी निसटली तर जखमेवर स्वच्छ गॉजची जाड घडी हाताने दाबून धरून लागलीच रुग्णालय गाठावे. ताप, थंडी, नळीतून पू, अचानक वाढलेला दम, किंवा मानेवर अथवा छातीवर सूज येऊन बोटाने दाबताच चुरचुर लागणे, यांपैकी काहीही झाले तर रविवार आहे की सणाचा दिवस, हे न पाहता निघावे; आणि त्या कागदावर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळांच्या जोडीला जो रात्रीही उचलला जातो असा वॉर्डाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.